शिवाक्काच्या चार खोल्या

पन्हाळ्यावर शिवाक्काकडं उतरलेले पाहुणे निघून गेले, की त्यांची खोली पारोशी राहायची. चादर झटकायची नाही, घागर विसळायची नाही आणि केरसुणीला तर हातच लावायचा नाही. घरातून माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, हे आपल्याकडं सगळ्यांच्याच आया सांगतात. पण सगळ्यांच्या आया काही खोल्या भाड्यानं देत नाहीत. मे महिन्यात सकाळी एक कुटुंब खाली जाणार आणि तासाभरात दुसरं वर येणार, अशी अक्काकडची रहदारी. आणि तिचा नियम असा, की गेलेली माणसं घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत त्यांच्या खोलीचा केर निघणार नाही. नवे पाहुणे मग अंगणात आपापल्या ट्रंकांवर बसून चहा पीत. कुणी कुरकुर केलीच, तर अक्का परसाकडं बोट दाखवायची. परसाच्या टोकाला तटाची भिंत ढासळलेली होती आणि तिथून घाटाचं खालचं वळण दिसायचं.

"माणसं अजून घाटात हाईत. बसा की पावणं," एवढं सांगून ती चुलीकडं वळायची. पुढं बोलायची सोय नव्हती.

मी पन्हाळ्याच्या पोस्टात कारकून म्हणून गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सत्तर सालानंतरची ती वर्षं. जागा बघायला म्हणून अक्काकडं गेलो, तर तिनं आधी जेवायला वाढलं, मग गाव विचारलं, आणि मी ताटावरून उठायच्या आत माझी वळकटी शेवटच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या खोलीत मी सात वर्षं राहिलो. उरलेल्या तीन खोल्या पाहुण्यांच्या.

अक्काचं माहेर शिरोळकडचं, उसाच्या आणि नदीच्या सपाट मुलखातलं. घरात निम्मं कानडी. त्यामुळं मी तिचा 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, आणि तिचा मुलगा बसू तिला 'अव्वा' म्हणायचा. अंगानं उंच, रंगानं सावळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इरकली लुगडं आणि आवाज असा की गडाच्या तीन दरवाजापाशी उभं राहून हाक मारली तर बाजारातली माणसं मागं बघायची. हळू बोलणं तिला जमायचंच नाही. एखादं गुपित सांगायचं झालं, तर ती फक्त जवळ यायची; आवाज तोच.

खोल्या तिच्या नवऱ्यानं बांधल्या होत्या, काळ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौलं. आपले तीन भाऊ गडावर येऊन राहतील, ही त्याची आशा. भाऊ आले नाहीत आणि नवराही लवकर गेला. एका उन्हाळ्यात परतीची गाडी चुकलेलं एक कुटुंब दारात पाणी मागायला आलं, तर अक्कानं त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. ते होते कुणी जोशी. त्यांनी खाली जाऊन दहा जणांना सांगितलं, आणि तिथून हा व्यवसाय सुरू झाला. पण तिच्या तोंडात व्यवसाय हा शब्द कधी आला नाही. पहिली खोली मात्र कायमची 'जोशांची' झाली. दुसरी 'डॉक्टरची', तिसरी 'जुळ्यांची'. आलेला माणूस गोंधळायचा.

"अहो, आम्ही पाटील."

"व्हय की. पण खोली जोशांची हाय. पायताणं भाईर काढा."

गडाचा इतिहास विचारणाऱ्यांची तर अक्काकडं पुरती निराशा व्हायची. मुंबईचे लोक मोठ्या उत्साहानं वही काढून बसत. अंधारबावीबद्दल सांगा म्हणाले की अक्का सांगायची, "बाव हाय. खोल हाय. वाकू नगा." धान्याच्या कोठारांबद्दल विचारलं तर, "लई गार असतंय. दुपारी जावा, पोरास्नी टोपडं घाला." सज्जा कोठीबद्दल, "वारं लागतंय." तिच्या लेखी साऱ्या इतिहासात माणसाची तब्येत बिघडू नये एवढंच महत्त्वाचं. गंमत म्हणजे हेच पाहुणे पुढच्या वर्षी आले की आपल्या नातेवाइकांना अंधारबावीपाशी उभं करून "वाकू नका" म्हणून ओरडताना मी ऐकलेत.

पाहुण्यांची कार्डं पोस्टात यायची, म्हणजे माझ्याकडंच. अक्काला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती ओसरीवर बसायची, मी कार्ड वाचायचो आणि ती उत्तर सांगायची. खोली मोकळी आहे, या, इतकं लिहून भागलं असतं. पण अक्का सांगायची, की येताना लोकरीचं काहीतरी आणा, गाडीत पोरांना ओकारी होती म्हणून लिंबू हातात ठेवा, मागच्या साली तुमच्या सासूबाईंचा गुडघा दुखत होता तो आता कसा आहे, आमच्या म्हशीला रेडकू झालंय. मी आपला दोन ओळींत आटपायचो. एकदा तिनं माझ्या हातातनं कार्ड ओढून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "मी येवढा येळ बोललो आनि तू येवढंच लिव्हलास? म्हस कुठं हाय ह्यात?" त्या दिवसापासून मी कडेकडेनं, पत्त्याच्या जागेत घुसवून, म्हशीसकट सगळं लिहायला लागलो.

आणखी एक अडचण अशी, की पन्हाळ्यावर लोक येतात ते हवा खायला आणि त्याच्या जोडीनं कोंबडी खायला. आणि अक्काचं घर लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा नाही. तिनं यातून वाट काढली ती अशी. परसाच्या बाहेर जांभळीखाली वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि शेजारची हसीनाबी येऊन रांधणार. अक्का त्या बाजूला फिरकायची नाही. पण स्वयंपाकघराच्या मागल्या दारात उभी राहून नाक वर करायची.

"हसीना! आज रस्सा कच्चा हाय!"

"अक्का, तुमी कवा खाल्लाय की कच्चा-पक्का कळायला?" तिकडून हसीनाबी.

"खायाला कशाला पायजे? वासावरनं कळतंय की! अजून दोन लाकडं सार!"

जन्मात कोंबडीचा घास न घेतलेल्या या बाईचं म्हणणं शंभरात नव्वद वेळा बरोबर निघायचं. हसीनाबीच मला म्हणायची, "मी मीठ बघत न्हाई हो, अक्काचं नाक बघतो."

आता बसूबद्दल. बसवराज हा अक्काचा एकुलता एक मुलगा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंग खात्यावर होता, कामात हुशार, नुकताच सुपरवायझर झालेला. लग्न झालेलं, खाली भाड्याच्या दोन खोल्यांत संसार. दर सुट्टीला वर यायचा, आईला सामान आणून द्यायचा, कौलं शाकारायचा. मुलगा म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. पण पाहुणे दिसले की त्याचा चेहरा आंबायचा. आपल्या आईनं लोकांची अंथरुणं घालावीत, लोकांसाठी पाण्याच्या घागरी वाहाव्यात, हे त्याला सोसत नव्हतं. त्यात आईच्या गुडघ्यांची काळजी होती, नाही असं नाही. पण लाज जास्त होती, हे मला तेव्हाही दिसत होतं.

माझ्या तिथल्या चौथ्या का पाचव्या उन्हाळ्यात त्यानं निकरावरच आणलं. "अव्वा, ह्यो शेवटचा हंगाम. जून लागायच्या आत खोल्यांना कुलपं घालायची आनि खाली यायचं. सून हाय, नातू हाय. बास झालं हे."

अक्कानं त्याला जेवायला वाढलं. तो गेल्यावर माझ्या दारात येऊन बसली. "तम्मा, तितं दोन खोल्या हाईत. समोर भित. तितं कोन येनार आनि कोन जानार? पोरगा माजा सोन्यासारका हाय, पर तितं मी काय करू? हितं माणूस आल्याबिगर मला दिवस उगवल्यागत वाटत न्हाय."

मी म्हणालो, बघू. त्या उन्हाळ्यात येईल त्या प्रत्येक पाहुण्याला ती एक भाकरी जास्तच वाढत होती, आणि रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभी राहून मला विचारायची, "जूनला किती दिस ऱ्हायलं रं?"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातलं एक कुटुंब यायचं होतं. कार्ड आलेलं, आम्ही म्हशीसकट उत्तर पाठवलेलं. त्या दिवशी सकाळी जुळ्यांच्या खोलीतली साताऱ्याची मंडळी आपल्या हिरव्या मोटारीतून खाली गेली. अक्का तटाच्या भगदाडाशी उभी राहिली. मोटार वळणावर दिसेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. तेवढ्यात नवी मंडळी दारात हजर. चकचकीत मोठी मोटार, ड्रायव्हर, पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक भारदस्त गृहस्थ, त्यांची बायको आणि म्हातारी आई.

"खोली?" गृहस्थांनी विचारलं.

"हाय की. पर केर काढायचा हाय. माणसं अजून घाटात हाईत. येताना एक हिरवी मोटार दिसली काय तुमास्नी?"

"दिसली. पंक्चर झाली होती बहुतेक. जॅक लावत बसले होते."

अक्कानं कमरेवर हात ठेवले. "आनि तुम्ही थांबला न्हाईसा?"

गृहस्थ जरा चपापले. त्यांना असं कुणी विचारत नसावं. "आम्हाला उशीर होत होता."

"कशाला? हितंच यायचं हुतं न्हवं? मग आता बसा. ती माणसं खाली लागल्याबिगर मी काय केरसुनीला हात लावत न्हाय."

मी रजेवर होतो, ओसरीवर बसून हे सगळं बघत होतो. मला वाटलं, आता ही मोटार वळते आणि जाते. पण म्हातारी आई आधीच तुळशीच्या कट्ट्यावर टेकली होती. ती म्हणाली, "बरोबर हाय बाईचं. आपल्यातबी असंच असतंय. अरं, डायवरला धाड की खाली, हात लावू दे जरा."

गृहस्थ आईच्या शब्दाबाहेर नव्हते. ड्रायव्हर मोटार घेऊन परत घाटात गेला. अक्का खूश झाली. तिनं सगळ्यांना चहा दिला आणि गृहस्थांच्या पुढं शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. "रिकामं बसून काय करतासा? चटणीला पायजेत. फोडा." आणि ते भारदस्त गृहस्थ, बाह्या सारून, एका पालथ्या बादलीवर बसून मुकाट्यानं शेंगा फोडायला लागले. थोड्या वेळानं तर ते गुणगुणतही होते.

नेमका त्याच वेळी बसू फाटकातून आत आला. कारखान्याला सुट्टी होती. कारखान्याला सुट्टी म्हणजे मालकालाही सुट्टी, हे आमच्या कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं, कारण बसूनं कधी मालकांचं नाव घेतलं नव्हतं. तो फाटकातच खिळला. हातातली भाजीची पिशवी गळून पडली.

"अरे, बसवराज!" बादलीवरून त्याचे मालक म्हणाले. "तू इकडं कुठं?"

बसूचा चेहरा बघूनच मला कळलं, की यानं खाली आईचं काही वेगळंच सांगून ठेवलंय. नंतर तसंच निघालं. 'आई शिरोळला शेती बघते' असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. पण माझ्याआधी ते अक्काला कळलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो आमच्या पोस्टातल्या तम्माचा पावना. येतोय अधनंमधनं. बसा पावनं, पानी आनतो."

आणि तिनं स्वतःच्या मुलाला पाहुण्याच्या तांब्या-भांड्यातून पाणी आणून दिलं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

तासाभरात ड्रायव्हर परत आला, हिरवी मोटार खाली पोचवूनच. अक्कानं केर काढला, अंथरुणं घातली, जेवणं झाली. बसू मालकांच्या पंगतीला. अक्का वाढत होती आणि त्यालाही "घ्या की पावनं, लाजू नगा" म्हणत होती. मालक खुशीत होते. "बघ बसवराज, मला कुणी दारात थांबवत नाही. या बाईनं दोन तास बाहेर बसवलं, वर शेंगा फोडून घेतल्या! आपल्या खात्यात असा एक माणूस पाहिजे." बसूनं भाकरीचा एक तुकडा मोडला तो तसाच हातात होता.

उन्हं कलल्यावर सगळे अंगणात बसले. अक्का विहिरीवरून पाहुण्यांसाठी घागरी आणत होती. एक डोक्यावर, एक कमरेवर. म्हातारीनं तिला थांबवलं. "बाई, येवढं वडताय एकट्याच. मूलबाळ काय न्हाय?"

अक्का थांबली. घागर तशीच कमरेवर. "हाय की. एक ल्योक हाय. मोठ्या कारखान्यात हाय. लई कामाचा."

"मग येतोय का बघायला?"

"येतोय की! दर सुट्टीला येतोय. कौलंबिवलं समदं त्योच बघतोय. त्येचं काय बी सांगायला नगं."

बसू ओसरीच्या कडेला बसला होता. तो उठला. पायताणं न घालताच अंगणातून चालत आला आणि म्हणाला, "अव्वा, ती घागर हिकडं दे."

त्यानं आईच्या कमरेवरची घागर घेतली, मग डोक्यावरची घेतली, आणि दोन्ही खोलीच्या दारात नेऊन ठेवल्या. मग मालकांसमोर उभा राहिला.

"साहेब, ही माझी आई."

"शेती बघते म्हणाला होतास," मालक म्हणाले.

"न्हाय साहेब. शेती न्हाय आमाला. ही हे बघती." त्यानं खोल्यांकडं हात केला.

मालक काही म्हणायच्या आत त्यांची आई कडाडली, "अरं मुडद्या, मग लपवलास कशाला? अशी आई असल्यावर मी गावभर सांगत फिरलो असतो!" मालक हसले, आणि मग सगळेच हसले. बसू रडत होता, पण हसतही होता. अक्का मात्र हसीनाबीला ओरडायला परसाकडं निघून गेली होती. त्या दिवशी जांभळीखाली चूल पेटलेलीच नव्हती.

पुढं मी तिला विचारलं, "अक्का, का हो खोटं बोललात?"

"त्येला त्या लोकांत रोज ऱ्हायाचं हाय, तम्मा. माजं काय? माजं पावनं दोन दिसाचं."

"पण तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की. पोटच्या पोराला पावना म्हनताना जीब जड झाली हुती." एवढं म्हणून तिनं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले, आणि लगेच मला दटावलं, "आता तू ते कुठल्या कारडात लिवू नगंस."

जून आला. कुलपांचा विषय बसूनं काढला नाही, तिनंही काढला नाही. पाऊस लागायच्या आत बसूनं सुट्टीच्या दिवशी येऊन चारही खोल्यांची कौलं स्वतः शाकारली.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी मलकापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी अक्का मला पोचवायला गाडीपर्यंत आली. भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून ती खिडकीखाली उभी राहिली आणि सूचना द्यायला लागली. मलकापूरला पाऊस लई, घोंगडं घे. खानावळीचं खाऊ नगंस. लग्न कर आता, किती दिस... सगळी गाडी ऐकत होती आणि मी खिडकीत मान खाली घालून बसलो होतो.

एवढ्यात खालून दुसरी गाडी आली. त्यातून एक कुटुंब उतरलं. दोन ट्रंका, एक होल्डॉल, कडेवर रडणारं पोर, आणि कुठं जायचं ते न कळल्यानं चौघांची तोंडं चार दिशांना. अक्काचं वाक्य अर्धंच राहिलं. ती सरळ तिकडं चालू लागली. सुट्टीला वर आलेला बसू पलीकडून आला, त्यानं एक ट्रंक खांद्यावर घेतली, दुसरी हातात घेतली, आणि भर स्टँडवर, दहा माणसांच्या देखत ओरडला, "अव्वा, तू हो म्होरं, मी आनतो ह्यास्नी!"

माझी गाडी सुटली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. ते रडणारं पोर अक्कानं आपल्या कडेवर घेतलं होतं आणि ती त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत चालली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. मला आधी थोडं वाईट वाटलं. मग घाटातल्या पहिल्या वळणावर ध्यानात आलं, की मी पाहुणा असतो तर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलली नसती.